तोफखान्यातून थेट कॉकपिटमध्ये
आज नाशिकला गांधीनगरच्या सैन्याच्या एव्हिएशन स्कूलमध्ये भाच्याच्या छातीवर वैमानिकाच्या विंग्ज लागल्या. ऊन मरणाचं होतं, पण ताई जागची हलली नाही. परेडनंतर तिनं आधी त्याच्या गणवेशावरचा तो नवा बिल्ला बोटानं चाचपून पाहिला, मग विचारलं, "तोफा सोडल्यास का रे मग?"

तोफखान्यातला अधिकारी तो. देवळालीला गनरीचे धडे गिरवलेला. घरी सगळ्यांना वाटलं, चांगलं बस्तान बसलंय, आता हे काय नवीन खूळ? त्यानं ताईला शांतपणे सांगितलं, "आई, गोळा कुठे पडला हे वरून बघून सांगायचं काम मुळात गनर्सचंच. 1986 च्या 1 नोव्हेंबरला आर्मी एव्हिएशन, म्हणजे सैन्याची स्वतःची उडणारी शाखा, वेगळी झाली. त्याआधी एअर ओपीत, म्हणजे हवेतून तोफांचा मारा बघणाऱ्या तुकड्यांत, तोफखान्याचेच लोक उडायचे." म्हणजे सासर बदललं तरी गोत्र तेच म्हणायचं!

तोफखान्यातूनच जावं लागतं असंही नाही. 2022 मध्ये इथेच विंग्ज मिळवून सैन्यातल्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर ठरलेल्या कॅप्टन अभिलाषा बराक आर्मी एअर डिफेन्स, म्हणजे हवाई हल्ले परतवणाऱ्या शाखेतून आल्या होत्या.

मला खरं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. जुन्या युनिटमध्ये जवान याच्या शब्दावर तोफा डागायचे. इथे येऊन पुन्हा विद्यार्थी व्हायचं, इन्स्ट्रक्टरची बोलणी खायची. आमच्या ऑफिसात साधं टेबल बदललं तरी माणसं महिनाभर तोंड पाडून बसतात.

पुढचं पोस्टिंग कुठे ते विचारू नका, मीही विचारलेलं नाही. सध्या साहेब ताईच्या हातची पुरणपोळी हाणतायत.