दिवे, पातेली आणि काटे

नाताळच्या जेवणाच्या टेबलावर दिवे लावायचे म्हटलं की आमच्या वसईत पहिला प्रश्न शोभेचा येत नाही, काट्यांचा येतो. समोर भिंग या काटेरी माशाचं कालवण आणि खोलीत दोन मेणबत्त्या, असं दृश्य कितीही रम्य असलं तरी जेवणाऱ्यासाठी ते साहसच. माझ्या आत्याचं म्हणणं एका वाक्यात संपतं : "शोभा नंतर बघू, आधी ताटात काय आहे ते दिसू दे." आत्याने सत्तरी ओलांडली आहे आणि भिंग खातानाही तिचं बोलणं थांबत नाही. त्यामुळे तिच्या बाजूने विचार करणं भाग पडतं.

तरीही डिसेंबर लागला की मला टेबल सजवायची हुक्की येतेच. २५ तारखेच्या दुपारच्या जेवणाला दिव्यांचं काही काम नसतं. खिडक्या उघड्या, बाहेर केळीच्या पानांवर ऊन, आणि घरात एक पंगत उठते तोवर दुसरी दारात उभी. दिव्यांची वेळ येते रात्री. चोवीसच्या रात्री चर्चमधल्या मिस्साहून सगळे घरी येतात, नव्या कपड्यांत, पोरं पेंगुळलेली पण झोपायला तयार नसलेली, तेव्हा. आणि मग नव्या वर्षापर्यंत रोज संध्याकाळी कोणी ना कोणी टपकतं, तेव्हाही. ऑफिसातली मंडळी येतात, विरार-दादरचे जुने मित्र येतात. त्यातल्या निम्म्यांच्या लेखी नाताळ म्हणजे केक. त्यांनी दारातून टेबलाकडे बघून "वा!" म्हणावं, एवढीच माझी माफक अपेक्षा.

परदेशी मासिकांतली नाताळची टेबलं बघून सजवायला गेलं की फसगत ठरलेली. तिथे टेबलाच्या मधोमध हिरव्या फांद्या पसरलेल्या असतात, त्यात उंच मेणबत्त्यांची रांग, काचेचे गोळे, सोनेरी रंग दिलेल्या डाळिंबांची आरास. सगळं देखणं, पण जेवण कुठे आहे? ते स्वयंपाकघरातून ताटलीत वाढूनच येतं, नाहीतर बाजूच्या कपाटावर मांडलेलं असतं. आपल्याकडे टेबलाचा मध्य हा पातेल्यांचा असतो. विंदालूचं भांडं, दोन दिवस आधी करून मुरवलेलं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल, फुग्यांची (पिठाच्या तळलेल्या फुगीर गोळ्यांची) टोपली, भात, काकडीची कोशिंबीर, तळलेल्या सुरमईचं ताट आणि एका कोपऱ्यात "मी मटणच खाणार" म्हणणाऱ्या भाच्याची वाटी. एवढ्यात शोभेची परडी ठेवलीच, तर पहिलं गरम पातेलं येताच ती खुर्चीखाली जाते. तिथून ती थेट दुसऱ्या दिवशी केर काढताना सापडते.

म्हणजे दिव्यांना उरते ती पातेल्यांमधली बोळकांडी. टेबलाच्या लांबीला, फार तर चार बोटं रुंद. पण तेवढी पुरते. तांब्याच्या बारीक तारेत ओवलेले इवलेसे एलईडी हल्ली सगळीकडे मिळतात. तीन-चार मीटरची एक माळ सहा जणांच्या टेबलाला भरपूर होते. ती सरळ रेषेत ताणायची नाही. भांड्यांच्या पायथ्याशी वळणं घेत सोडायची, मधेच एखाद्या स्वच्छ बरणीत गोळा करून ठेवायची, परत बाहेर काढायची. पाहुण्याने भांडं उचलून सरकवलं तरी तार आपली जागा बदलते, मोडत नाही. आणि सगळ्यांत खुलते ती स्टीलच्या पेल्यांशेजारी. प्रत्येक पेल्याच्या पोटात एकेका दिव्याची उभी सोनेरी रेघ उमटते, आणि पेला उचलला की ती रेघ वरखाली लांबते, आखडते. पाहुणे येणार म्हणून आई काचेचे ग्लास काढते, ते मी गुपचूप परत आत ठेवते. काचेतून दिवा नुसता आरपार दिसतो. स्टील त्याचे दहा करून देतं.

दिव्यांच्या उंचीचं एक पथ्य मात्र पाळावं. दिवा एक तर बसलेल्या माणसाच्या हनुवटीच्या खाली असावा, नाहीतर डोक्याच्या वर. मधल्या पट्ट्यात आला की तो थेट डोळ्यांत घुसतो आणि समोरचा माणूस त्याच्यामागे हरवतो. उंच मेणबत्तीदानाच्या पलीकडे बसलेल्या मेहुण्याशी बोलताना माणसं बगळ्यासारखी माना वाकडी करतात, ती याच कारणाने. (काही मेहुण्यांपुढे मेणबत्तीदान ठेवावं, असंही एक मत घरात आहे.)

मेणबत्तीविरुद्ध माझी तशी काही तक्रार नाही, पण तिचा उजेड किती याचा हिशेब करून बघावा. एका साध्या मेणबत्तीचा एका फुटावर साधारण १० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. अंतर दुप्पट झालं की तो चौथाई, म्हणजे दोन फुटांवर जेमतेम अडीच लक्स. पुस्तक आरामात वाचायला तीनशेच्या आसपास लागतात. भिंगाचे काटे वेचणं हे वाचनापेक्षा सोपं काम आहे असं मला वाटत नाही, आणि आत्याला तर मुळीच नाही. त्यात आमच्याकडे डिसेंबरातही पंखा लागतो. माणसं जमली, पातेली वाफाळू लागली की कोणीतरी उठून तो सुरू करतंच. मग मेणबत्त्यांची तारांबळ उडते, मेण एकाच बाजूने ओघळतं आणि क्रोशाच्या टेबलक्लॉथवर थिजतं. सुगंधी मेणबत्त्यांचा तर विषयच नको. व्हॅनिलाच्या वासात विंदालू खाऊन बघा.

शिवाय सुरू. आमच्या किनाऱ्याला पाइन कुठून येणार? नाताळचं झाड म्हणून सुरूची फांदी आणायची ही इथली जुनी रीत. तिचेच दोन तुरे टेबलावर ठेवले की छान दिसतात, पण दोन दिवसांत ते वाळतात, बारीक सुया कोशिंबिरीत गळतात आणि जवळ ज्योत असेल तर भुरकन पेटतात. सुरू हवा असेल तर मेणबत्ती नको आणि मेणबत्ती हवी असेल तर सुरू नको, हे सरळ आहे. मी सुरूच्या जागी क्रोटनची पानं घेते. लाल, हिरवी, पिवळी, सगळे रंग एकाच पानात, गळत नाहीत, आणि अंगणात फुकट.

झाडाला मेणबत्त्या लावून बाजूला पाण्याची बादली भरून ठेवायची, असा एक काळ युरोप-अमेरिकेत होताच. १८८२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० विजेचे दिवे लावले. झाडही स्वतःभोवती फिरणारं. त्याच वर्षी, महिनाभर आधी, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पऱ्यांचं काम करणाऱ्या नट्यांच्या केसांत इंग्रज संशोधक जोसेफ स्वानने बनवलेले चिमुकले दिवे चमकले होते. त्यांची बॅटरी अंगावरच, पोशाखाआड लपवलेली. ती कुठे दडवायची याची चिंता त्या नाटकवाल्यांनाही पडली असणार, कारण टेबल सजवणाऱ्याला ती आजही पडते. तीन सेलांचा तो काळा किंवा पांढरा प्लास्टिकचा डबा कुठेही ठेवा, नजर तिथेच जाते. फुलदाणीत टाकला तर पाणी घालता येत नाही. कापडाखाली सरकवला तर त्यावर कोणीतरी नेमका पेला ठेवतं आणि तो कलंडतो. माझा डबा फुग्यांच्या टोपलीच्या तळाशी, रुमालाच्या घडीखाली असतो. फुगे संपत आले की उघडा पडतो, पण तोवर पाहुण्यांचं लक्ष केककडे गेलेलं असतं.

भिंतीतल्या प्लगवर चालणारी माळ टेबलावर घेऊ नये, या मताला मी चिकटून आहे. २३० व्होल्ट, त्याच्या शेजारी घरच्या द्राक्षाच्या वाइनचा जग, आणि खुर्च्यांच्या पायांतून गेलेली वायर. पोरांपैकी एकाने त्यात पाय अडकवला की माळेसकट अर्धं टेबल खाली. तसल्या माळा खिडकीला लावा, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला लावा, दारातल्या चांदणीत सोडा. टेबलावर साडेचार व्होल्ट पुष्कळ झाले. नाण्याएवढ्या बटण-सेलवर चालणाऱ्या खोट्या मेणबत्त्याही मिळतात. घरात तोंडात काहीही घालणारं बाळ असेल तर त्या आणूच नयेत. तो सेल पोटात गेला तर आतून भाजतं.

रंगाचं म्हणाल, तर पिवळसरच. मुंबईच्या लोहार चाळीत माळ घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "वॉर्म देऊ का कूल?" आणि बहुतेक गिऱ्हाइकं लखलखीत दिसते म्हणून कूल उचलतात. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा. तो पांढरा उजेड ६५०० केल्विनच्या आसपासचा असतो, वॉर्म २७०० ते ३००० चा, आणि मेणबत्ती तर १९०० च्याही आसपासच रेंगाळते. आकडे सोडा, कूलच्या उजेडात विंदालूचा लाल रंग मातकट होतो, भात निळसर दिसतो आणि माणसं नुकतीच तापातून उठल्यासारखी. गंमत म्हणजे दोन्हींच्या पोटात निळाच दिवा असतो. माळ बंद करून एक मणी डोळ्यांजवळ धरा. पारदर्शक थेंबाच्या आत पिवळा ठिपका दिसेल. निळ्या प्रकाशाला पांढरा किंवा पिवळसर करतो तो हा लेप. निळा एलईडी चमकदार करायला शास्त्रज्ञांची वर्षानुवर्षं गेली. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि आपण ती माळ घासाघीस करून घेतो.

चमकणाऱ्या, पळणाऱ्या, लुकलुकणाऱ्या माळांना टेबलावर मज्जाव. त्यांच्या डब्यावर एक बटण असतं. ते दाबत गेलं की आठ प्रकार येतात, आणि त्यातला नुसता शांत जळण्याचा प्रकार नेहमी शेवटी. एकदा चुकून पुढे गेलात की परत सगळी वरात. जेवताना समोरचं ताट दर सेकंदाला उजळत-विझत असेल तर भूकही तशीच येते-जाते.

चार मेणबत्त्यांचं, आगमनकाळाचं (नाताळच्या आधीच्या चार रविवारांचं) हिरवं चक्र मात्र मी टेबलावर ठेवते, आणि तिथे खऱ्याच मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवत जायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान विखर्न हे अनाथ मुलांसाठी घर चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलं भंडावून सोडत. तेव्हा त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल. रोज एक लावायची आणि उरलेल्या मोजायच्या. आमच्या घरची पोरंही मोजतातच, फक्त मोजताना केक कधी कापायचा हेही विचारतात. हे चक्र प्रार्थनेपुरतं मध्यभागी असतं. प्रार्थना झाली, फुंकर मारली, की ते शोकेसवर जातं आणि त्याच्या जागी सोरपोतेल येतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आत्याचं काय केलं? तर वरची ट्यूब बंद, पण तिच्या जागी टेबलाच्या बरोबर वर, डोक्याच्या उंचीच्या चांगलं वर, एक पिवळा बल्ब लोंबता ठेवला. वेताच्या टोपलीची झाकणी त्याला. त्याचा उजेड सरळ ताटांत पडतो, भिंती अंधारात राहतात, आणि खालची माळ अंधाराची सोबत मिळाल्यामुळे जास्त खुलते. आत्या बसली, तिने काटा वेचला, ताटाच्या कडेला ठेवला, आणि म्हणाली, "आता ठीक. पण त्या कोपऱ्यातली बरणी हलवा, मला फुगे दिसत नाहीत." तिची परवानगी याहून स्पष्ट शब्दांत कधी मिळत नाही.

तारेची माळ तशी आमची नाहीच. शेजारच्या काकूंनी दिवाळीत देवघरासमोरच्या रांगोळीभोवती लावायला आणलेली. तुळशीचं लग्न आटोपलं की ती आमच्याकडे येते. सहा जानेवारीचा तीन राजांचा सण होईपर्यंत आमच्या टेबलावर असते, मग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नीट गुंडाळून, सेल काढून परत जाते, कारण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना ती तिळगुळाच्या ताटाभोवती हवी असते. सेल काढून ठेवलेच पाहिजेत. नाहीतर ते आतल्या आत पाझरतात आणि पत्र्यांवर पांढरा गंज चढतो. नवे सेल कोणी घालायचे यावर वाद नको म्हणून ठरवून टाकलंय : दिवाळीचे त्यांचे, नाताळचे आमचे, आणि संक्रांतीचे ज्याच्या घरी आधी तिळगूळ होईल त्याचे.