वडाळा ते जामखेड: आरोळे दांपत्याच्या वाटेने

जामखेडला वडाळ्यावरून जाणार असाल तर शनिवार टाळा. घोडेगावच्या फाट्यावर शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लागते, आणि त्यात अमावास्या आली तर विचारूच नका. आम्ही आठवड्यातला मधला वार धरला. सरळ जामखेड न गाठता आधी वडाळा बहिरोबाला थांबलो, कारण जामखेडच्या खेड्यांत आरोग्याचं काम उभं करणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांच्या कामाचा पहिला धडा जामखेडात नाही, इथे आहे.

वडाळा हे नगर–छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, नेवासा तालुक्यातलं गाव. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं जुनं ठाणं. मिशनची माणसं नगरला 1831 मध्ये आली. पुढे सॅम्युअल फेअरबँक हे पाद्री वडाळ्यात राहिले. पाखरं आणि गोगलगायी गोळा करायचा त्यांना भारी नाद. दक्षिणेतल्या पलनी डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ आहे, ते त्यांच्यावरूनच. (माझ्यासोबत आलेली मैत्रीण परिचारिका आहे. तिला यात काडीचा रस नव्हता.)

मिशनरी डॉक्टर म्हटलं की बोटीतून उतरलेला गोरा साहेब डोळ्यांपुढे येतो. आरोळे पती-पत्नी इथलेच. रजनीकांत नगर जिल्ह्यातले, मेबल जबलपूरच्या. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले, 1960 मध्ये लग्न केलं आणि त्याच वेळी खेड्यातच काम करायचं ठरवून टाकलं. 1962 ते 1966 ते वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथला दिवस कसा असेल हे खेड्यातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात उभं राहिलं की कळतं: उजाडायच्या आत बैलगाड्या आणि माणसं दारात, दुपार उलटेपर्यंत तपासणी, मग शस्त्रक्रिया, आणि रात्री अडलेली बाळंतीण. दवाखाना चांगला चालला होता, आणि नेमकं तेच त्यांना खुपायला लागलं. जुलाबाने सुकलेलं मूल बरं होऊन घरी जायचं आणि त्याच आडाचं पाणी पिऊन परत यायचं. आलेल्यांपैकी बहुतेकांचे आजार मुळात टाळता येण्यासारखे होते, आणि जे सगळ्यांत गरीब ते तर दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हते.

वडाळ्यात तासभर पुरे. दवाखाना म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. वॉर्डात डोकावत फिरू नका. बाहेरून पाहा, टपरीवर चहा घ्या आणि नगरला परता.

नगरचं नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं. पाट्यांवर नवं नाव, बोलण्यात जुनं, त्यामुळे एसटी स्टँडवर कुठलंही म्हणा, चालतं. जामखेडचा रस्ता चिचोंडी पाटील, कडा, आष्टी असा जातो. मधे तुम्ही बीड जिल्ह्यात शिरता आणि जामखेडला पुन्हा नगर जिल्ह्यात येता. नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे 2022 मध्ये सुरू झाली, पण फेऱ्या मोजक्या असतात. त्या दिवशीची वेळ बघूनच भरवसा ठेवा, नाहीतर एसटी बरी. पुण्याहून येणाऱ्यांनी एका दिवसात जाऊन-येऊन करायचा हट्ट धरू नये. करता येतं, पण मग गावं राहून जातात, आणि गावं राहिली तर जामखेड पाहिलं असं मी म्हणणार नाही.

वडाळ्यानंतर दोघं अमेरिकेत पुढचं शिकायला गेले आणि शेवटी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून 1970 मध्ये परतले. मोठ्या शहरात सहज जागा मिळाली असती. त्यांना हवा होता दुष्काळी, रस्ते नसलेला, डॉक्टर नसलेला मुलूख, आणि अट एकच: तिथल्या लोकांनी बोलवायला हवं. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावलं. सुरुवातीला जागा मिळाली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची. दोन परदेशी पदव्या घेऊन आलेली डॉक्टर जोडी तिथे रुग्ण तपासायला बसली. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रुरल हेल्थ प्रोजेक्ट’ हे लांबलचक नाव कागदावर. गावात विचारताना नुसतं ‘आरोळे दवाखाना’ म्हणा.

या दोघांच्या रोजच्या आयुष्यातला दवाखान्याबाहेरचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवसा खेड्यात माणूस भेटत नाही, सगळे रानात. त्यामुळे बोलायचं तर संध्याकाळनंतर. पण बैठक बोलावली की येणार कोण? पाटलाच्या ओट्यावर दलित वस्तीतला माणूस बसणार नाही आणि वस्तीत पाटील येणार नाही. मग व्हॉलीबॉल आला. खेळायला सगळे येतात, खेळ संपल्यावर तिथेच बसून गप्पा होतात, आणि त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. लोकांना विचारलं तर आरोग्य कुणाच्याच यादीत वर नव्हतं. पाणी हवं होतं, अन्न हवं होतं. लवकरच 1972 चा दुष्काळ आला. कूपनलिका खोदायच्या तेव्हा डॉक्टरांनी त्या दलित वस्तीत खोदल्या जातील असं पाहिलं. तहान लागली की सवर्णांनाही तिथेच हंडा घेऊन यावं लागलं. अस्पृश्यतेवरचं व्याख्यान न देता केलेलं हे काम मला एखाद्या अवघड शस्त्रक्रियेहून कठीण वाटतं.

गावागावांत प्रशिक्षित नर्स ठेवायचा बेत आधी होता. तो बारगळला. शहरात शिकलेल्या मुली खेड्यात एकट्या राहीनात, आणि गावातल्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करीनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडायची असं ठरलं. निवडलेल्या बहुतेक जणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला मुक्कामाला यायच्या आणि शिकायच्या. सुरुवातीला एकत्र जेवायलाही कां-कूं व्हायची. मग सगळ्यांना मिळून एकच भलं मोठं पांघरूण दिलं गेलं: झोपायचं तर एकाखाली. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, मुलाचं वजन, लसी, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणं, असं सगळं त्या शिकल्या आणि गावात परत जाऊन करू लागल्या. सुरुवातीला या भागात हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत. दोन दशकांत हा आकडा विशीच्या आसपास आला. दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो याच कामासाठी. मेबल 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत 2011 मध्ये. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे चालू ठेवलं.

मिशनरी म्हणजे धर्मांतर, ही शंका आपल्याकडे मनात येतेच, आणि ती उघड विचारायला हरकत नाही. मी विचारली. ज्यांना विचारली त्यांना नवल वाटलं नाही, रागही आला नाही. आरोळ्यांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि औषधाला तिची अटही घातली नाही. आरोग्यसेविका सगळ्या जातीधर्मांच्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

आता गावात जायचं कसं ते. परस्पर जाऊ नका. संस्थेला बऱ्याच आधी कळवा, कोण आहात आणि काय समजून घ्यायचं आहे हे स्पष्ट लिहा, आणि सोबत कुणी माणूस मिळेल का ते विचारा. आवारात राहायला मिळेल हे गृहीत धरू नका. तेही विचारून घ्या, नाहीतर गावात लॉज आहेत. इथे जगभरातून शिकायला लोक येतात आणि त्यांना दुभाषा लागतो. तुम्हाला लागत नाही. हा मोठा फायदा आहे, तो वापरा. वही काढून मुलाखत घ्यायला बसलात तर सेविका पाठ झालेलं सांगेल. त्यापेक्षा तिच्यासोबत दोन घरं फिरा.

आम्ही गेलो त्या गावातल्या सेविका वयस्कर होत्या. आम्ही त्यांना मावशी म्हटलं. मावशींनी आधी आमचीच चौकशी केली: कुठल्या, लग्न झालंय का, मुलं किती. मैत्रिणीने त्यांना जुलाबाच्या बाळाला काय देता असं विचारलं. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ, हे त्यांनी घरातल्या तांब्यावर बोट ठेवून, कुठवर भरला की किती होतं ते दाखवत सांगितलं. मैत्रीण गप्पच झाली. हीच गोष्ट ती रोज ओआरएसचं पाकीट फाडून करते. मग दोघींची अशी काही जुंपली की मला ओसरीवर बसून शेजारणीची शेळी बघण्याखेरीज काम उरलं नाही.

पुढच्या दोन घरांना कुलूप होतं. ऊसतोडीला गेलेली. ही गोष्ट जाणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. हवा चांगली म्हणून सगळे हिवाळ्यात निघतात, पण दसरा-दिवाळीनंतर या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागता लागता परततात. लहान मुलंही सोबत जातात, मग लसीकरण आणि वजनाची वही दोन्ही मागे राहतात. गाव भरलेलं पाहायचं असेल तर पावसाळ्याच्या शेवटी, दसऱ्याच्या आत जा. कुलुपं आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं पाहायची असतील तर जानेवारीत जा. तेही पाहण्यासारखंच आहे, कारण आज तिथल्या आरोग्याची खरी अडचण त्यातच आहे. एप्रिल-मे सोडून द्या. ऊन सोसवत नाही.

एक मत सांगते, पटेल असं नाही. सरकारची आशा योजना 2005 पासूनची, तिच्यात जामखेडची छाया दिसते. पण गावाने निवडलेली बाई आणि दर आठवड्याला एकत्र बसून शिकणं, हे दोन्ही मोठ्या योजनेत पातळ होतं. आपल्या गावच्या आशाताईंना किती नोंदवह्या भराव्या लागतात ते एकदा विचारून मगच जामखेडला जा, म्हणजे फरक कुठे आहे ते दिसेल.

फोटो काढायचे तर आधी विचारा, रुग्णांचे विचारूही नका. कुणाला कुष्ठरोग होता हे सोबतच्या माणसाने सांगितलं तरी ते नाव तुमच्या लेखात येऊ नये. घरातल्या उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने कपडे देणगी म्हणून नेऊ नका, त्यांची छाननी करायला तिथे माणूस अडकतो. द्यायचंच असेल तर संस्थेच्या कार्यालयात रीतसर पैसे द्या आणि पावती घ्या.

वेळ उरला तर याच तालुक्यात चौंडी आहे, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव, आणि खर्डा, जिथे 1795 मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. खर्ड्याचा भुईकोट बघण्यासारखा आहे. बीडच्या रस्त्याला सौताड्याचा धबधबा आहे. पाऊस झाला असेल तरच जा, एरवी नुसता कडा दिसतो. खर्डा आणि सौताडा एका दिवसात एसटीने जमवायचं म्हटलं तर धावपळ होते, जामखेडहून गाडी ठरवलेली बरी. परतीची शेवटची एसटी किती वाजता हे मात्र सकाळीच स्टँडवर विचारून ठेवा.