तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्याकडं मोठी कंपनी कधी येणार?

मी गडहिंग्लजात बसून लोकांच्या कर्जाच्या फायली करतो, प्रकल्प अहवाल लिहितो. पोराचा डिप्लोमा झाला की चंदगड-आजऱ्याकडचे आईबाप येतात आणि हमखास विचारतात, "साहेब, आपल्या भागात एखादी मोठी कंपनी कधी येणार?" या प्रश्नामागची तळमळ मला कळते. या तालुक्यांनी मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसं पुरवली. 1982 च्या संपानंतर त्यातले कितीतरी रिकाम्या हातांनी गावी परतले, आणि आता त्यांची नातवंडं चाकणला एका खोलीत दाटीवाटीनं राहतात.

माझं उत्तर असं, की कंपनी यायची तेव्हा येऊ दे, पण आपल्या मातीत जो माल पिकतो आणि आपल्या हातांना जे काम येतं, त्यात आधी पैसा यायला हवा. हे मी आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा इतिहास बघून बोलतोय. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, तो संस्थानाधिपती नारायणराव घोरपड्यांच्या पाठबळावर. हुपरीची चांदी घराघरांतल्या कारागिरांनी मोठी केली. कोल्हापूरच्या फौंड्रीचं मूळही उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांत आणि पंपांत आहे. ती दुरुस्त करता करता लोक स्वतः ओतकाम करायला लागले. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, 1906 मध्ये कापड गिरणी उभारली, राधानगरीचं धरण हाती घेतलं. बाजारपेठ, पाणी आणि भांडवल एकाच भागात आलं, म्हणून पुढची माणसं उभी राहिली.

आता चंदगडचा काजू घ्या. बी मार्च ते मे या तीन महिन्यांत येतं. ते उन्हात वाळवायचं, वाफवायचं, गार झालं की हाताच्या कटरवर फोडायचं. टरफलातलं तेल कातडी भाजतं, त्यामुळं बायका हाताला गोडं तेल नाहीतर राख चोळूनच बसतात. मग गर ड्रायरमध्ये तापवायचा, साल काढायची, प्रतवारी करायची. चार किलो बीमागं साधारण एक किलो गर मिळतो. अख्खा निघाला तर भाव, पाकळी झाली, म्हणजे गराचे दोन भाग झाले, तर भाव पडला, तुकडा झाला तर आणखी पडला. म्हणजे कारखान्याचा नफा त्या बाईच्या मनगटात असतो. अशा युनिटमध्ये गावातली बाई चालत येते आणि संध्याकाळी आपल्या घरी जाते. याच्याइतका सोयीचा रोजगार कुठली मोठी कंपनी देईल?

पण ही युनिटं बारा महिने चालत नाहीत, आणि खरी मेख इथं आहे. वर्षभराचं बी हंगामातच विकत घेऊन ठेवावं लागतं. त्याला रोख लागते, आणि छोट्या कारखानदाराकडं नेमकी तीच नसते. मशिनरीला पैसा मिळतो: सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. तेवढ्यावर शेड उभी राहते, कटर येतात, फीत कापली जाते. खेळतं भांडवल मागायला गेलं की बँक तारण विचारते, आणि शेतजमिनीवर तर आधीच सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असतो. शेवटी पावसाळा सरेपर्यंत बी संपतं आणि कटर झाकून ठेवायची वेळ येते. व्यापाऱ्यानं मात्र तेच बी हंगामात शेतकऱ्याकडून पडत्या भावात उचललेलं असतं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना चांगली आहे, 6 टक्के व्याजानं माल ठेवून कर्ज मिळतं, पण ती शेतकऱ्यासाठी आहे, प्रक्रिया करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

त्यातून चंदगडचा पाऊस. ऐन जुलैत वीज गेली की ड्रायर थांबतो, गर दमट होतो आणि मऊ पडलेल्या गराला गिऱ्हाईक नाही. गुंतवणूकदार आणायला परिषदा भरवतात, त्याआधी या भागातला एखादा फीडर, म्हणजे गावांना वीज देणारी लाइन, नीट करून द्या, असं मला अगदी मनापासून वाटतं.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचंही बोललं पाहिजे. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि सीमेपलीकडच्या मराठी माणसाचं दुखणं आपलंच आहे, त्यात मला शंका नाही. पण पोटाचा व्यवहार कधी थांबला नाही. चंदगडची रताळी बेळगावच्या बाजारात जातात, दवाखान्याला माणूस बेळगावलाच धावतो. कागलपुढं दूधगंगा ओलांडली की कर्नाटक, आणि तिकडची पोरं इकडच्या एमआयडीसीत कामाला येतात. उद्योजक वीजदर आणि सवलतींची तुलना करून तिकडं जायचं म्हणतात, तेव्हा त्यांना देशद्रोही ठरवून काय होणार? त्यांच्या बिलाकडं बघा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. चपलेसाठी दोन्ही राज्यं एका अर्जावर येऊ शकली, मग काजूसाठी का नाही?

म्हणून कुणी पैसेवाला पाहुणा, मुंबईत-दुबईत स्थिरावलेला, "गावासाठी काय करू?" असं विचारतो, तेव्हा मी त्याला नव्या कारखान्याचं सांगत नाही. हलकर्णीच्या आसपास एक चांगलं, कोरडं, नोंदणीकृत गोदाम बांधा म्हणतो. छोटे कारखानदार हंगामात तिथं बी ठेवतील, गोदामाच्या पावतीवर बँक कर्ज देईल, आणि दिवाळीनंतरही कटर चालू राहतील. दोघांनी आतापर्यंत जागा बघितल्या आहेत. एकाचं बिनशेतीचं प्रकरण अडकलंय, दुसऱ्याचा सातबारा मी या आठवड्यात तपासतोय.