दीड ओळ

एकवीस वर्षं मी सेशन कोर्टात स्टेनो होते. फाशीचा निकाल मात्र एकदाच टाइप केला. गुन्हा कसा सिद्ध झाला हे सांगायला साहेबांना एकशे साठ पानं लागली. पंचनामे, रक्ताचे गट, ओट्यावरचा दिवा चालू होता की नाही, सगळं त्यात होतं. मग जेवणाची सुट्टी. दुपारी शिक्षेवर युक्तिवाद. आरोपीतर्फे जे सांगितलं गेलं ते माझ्या वहीत दीड ओळीत मावलं: वय कमी, घरी म्हातारी आई, दया दाखवावी. पाच वाजायच्या आत शिक्षा सुनावून झाली.

हे चुकीचं होतं असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मलाही नाही.

मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मनोज खटल्यात सांगितलं की फाशीचा विचार करण्याआधी त्या माणसाचं लहानपण, मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, सगळं कोर्टापुढे आलंच पाहिजे. उत्तम. पण दीड ओळीवर आधीच फाशीची शिक्षा झालेल्यांचं काय? ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या २००८ सालच्या एका खटल्यात त्याचं उत्तर आलं. पुनर्विचार याचिका २०१७ मध्येच फेटाळलेली, तरी शिक्षेची सुनावणी नव्याने घ्या, असं कोर्टाने सांगितलं. दोषी ठरवलं आहे, त्याला हात लावलेला नाही.

मला हे पटतं. तारखेची रेघ मारली की काय होतं ते अमेरिकेतल्या फ्लोरिडात दिसलं. फाशीसाठी ज्युरीचा निर्णय लागतो हे मान्य झालं, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ठरवलं की २४ जून २००२ च्या आधी शिक्षा अंतिम झालेल्यांना त्याचा फायदा नाही. म्हणजे ज्याचं अपील रेंगाळलं त्याला नवी सुनावणी, ज्याचं वेळेत निपटलं त्याला काही नाही!

आपल्याकडेही अशी रेघ मारून झाली आहे. फाशीच्या कैद्याची पुनर्विचार याचिका खुल्या कोर्टात, जास्तीत जास्त अर्धा तास ऐकायची, हा २०१४ चा निकाल. जुन्या कैद्यांनाही तो लागू केला, फक्त ज्यांची क्युरेटिव्ह याचिकाही, म्हणजे पुनर्विचारानंतरची कोर्टातली शेवटची दाद, फेटाळली गेली होती ते वगळले. त्यात अडकला कोण, तर ज्याच्या नावाने तो निकाल ओळखला जातो तो लाल किल्ला हल्ल्यातला आरिफच. २०१६ मध्ये त्यालाही संधी दिली. ऐकलं, आणि २०२२ मध्ये फाशी कायम केली. जुनं प्रकरण उघडलं की सगळे सुटतील म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर बघावं.

एका प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. माझ्या त्या खटल्यात मयताचा भाऊ प्रत्येक तारखेला यायचा, मांडीवर डबा घेऊन शेवटच्या बाकावर बसायचा. निकालानंतर नकलेचा अर्ज द्यायला आला तेव्हा मला म्हणाला, "ताई, आता संपलं ना?" फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय देता येत नाही, हे मला माहीत होतं.

मी हो म्हटलं.