वय ७६, गाठ १.८ सेंटीमीटर

आईला स्तनात गाठ लागून चार महिने झाले होते. "दुखत नाही ना, मग कशाला?" एवढंच तिचं म्हणणं. कॅन्सरची गाठ बहुधा दुखत नाही, आणि या वयात उशीर नेमका तिथेच होतो.

मॅमोग्राफी-सोनोग्राफी झाल्यावर बारीक सुईने पेशी काढू असं सुचवलं गेलं. त्यातून कॅन्सर आहे की नाही एवढं कळतं, पण औषध ठरवायला तुकडा लागतो. म्हणून ट्रू-कट बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणं, करून घेतली. त्याआधी तिची रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची का आणि किती दिवस, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. ती गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

बरेचदा तुकड्याची डबी नातेवाइकाच्याच हातात देतात आणि लॅबला पोचवायला सांगतात. डबीत सलाईन नाही, फॉर्मालिन (तुकडा टिकवणारं रसायन) हवं. तुकडा तासाभरात त्यात बुडायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यातच राहायला हवा. शनिवारी संध्याकाळी बायोप्सी आणि सोमवारी सुट्टी असेल तर हे गणित बिघडू शकतं. तुकडा काढल्याची वेळ मी डबीवर पेनाने लिहून घेतली. तुकडा नीट मुरला नाही तर पॉझिटिव्ह ईआर (गाठ इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढते की नाही, ते दाखवणारी खूण) निगेटिव्ह दिसू शकतो, आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळीवर भागणाऱ्या बाईला केमो सुचवली जाऊ शकते.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला: ईआर ८ पैकी ८, पीआर (प्रोजेस्टेरॉन हार्मोनची तशीच खूण) ६, हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) २+. हे २+ म्हणजे ना हो ना नाही. त्यासाठी मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर हर-टूचं जनुक मोजणारी फिश तपासणी करावी लागते. ती निगेटिव्ह आली. म्हाताऱ्या बायकांमध्ये हेच चित्र जास्त दिसतं: हार्मोनवर वाढणारी, हर-टू नसलेली, संथ गाठ. पण सगळ्यांचं तसं नसतं. वय बघून "हळूच वाढेल" म्हणणं आणि वय बघून "झेपणार नाही" म्हणणं, दोन्ही मला सारखंच चुकीचं वाटतं.

झेपेल का, हे वजन, भूक, चालणं, स्मरणशक्ती आणि रोजच्या गोळ्यांची संख्या पाहून ठरतं. त्यासाठी जी-८ नावाची छोटी प्रश्नावली आहे. १७ पैकी १४ किंवा कमी गुण पडले तर सविस्तर तपासणी करतात. आईला १५ पडले. ऑपरेशन टाळून नुसत्या गोळ्यांवर राहता येतं, पण काही वर्षांनी गाठ पुन्हा डोकं वर काढते. तो मार्ग भूल सोसणार नाही अशांसाठी. आईची फक्त गाठ काढली. काखेत तपासताना काही लागलं नव्हतं, त्यामुळे तिथली लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) काढून तपासायचं टाळलं. सत्तरीपुढे ईआर पॉझिटिव्ह असेल तर हे मान्य आहे.

खरी चर्चा झाली ती शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा की नाही यावर. सत्तरीपुढच्या, लहान ईआर पॉझिटिव्ह गाठीच्या बायकांवरच्या अमेरिकेतल्या अभ्यासात १० वर्षांनी स्तनात किंवा काखेत रोग परतण्याचं प्रमाण गोळी आणि शेक घेणाऱ्यांत २%, तर नुसती गोळी घेणाऱ्यांत १०% होतं. आयुष्य मात्र दोघींना सारखंच. आईने शेक नाकारला. अट एकच: गोळी ५ वर्षं चुकवायची नाही.

गोळी लेट्रोझोल, २.५ मिलिग्रॅम, रोज एक. बायका ती सोडतात ते सांध्यांमुळे. सकाळी बोटं आखडतात, डब्याचं झाकण फिरत नाही. सगळे "वयच झालं" म्हणतात आणि गोळी गुपचूप बंद होते. डॉक्टरांना सांगितलं तर त्याच गटातली दुसरी देऊन पाहतात. टॅमॉक्सिफेनही असते, पण पायात रक्ताची गुठळी झालेल्यांना ती सहसा टाळतात.

लेट्रोझोलने हाडं झिजतात म्हणून सुरुवातीलाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. टी-स्कोअर उणे २.६ निघाला, म्हणजे हाडं ठिसूळ. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिड, ४ मिलिग्रॅम, दर ६ महिन्यांनी सलाईनमधून ठरलं. पण आधी किडनीची क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं, आणि हलणारे दात आधीच काढावे लागतात. इंजेक्शन सुरू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो. आईचे दोन दात गेले, हिरडी भरेपर्यंत थांबलो. पहिल्या सलाईननंतर दोन दिवस ताप येऊ शकतो, तो बहुधा पुन्हा तसा येत नाही.

गोळी आता रक्तदाबाच्या गोळीच्याच डबीत, सकाळच्या चहाबरोबर. मॅमोग्राफी वर्षातून एकदा, दोन्ही बाजूंची.