वळीव आणि आण्णांचा प्रश्न

दुपारी सांगलीत वळीव झाला. प्रॅक्टिकल संपवून आयर्विन पुलावरून चालत आले, तर मातीचा वास नुसता नाकात भरलेला. तो जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसीस नावाचे जिवाणू. १९४३ मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविकही याच कुळातल्या जिवाणूचं.

घरी आण्णांना नवी प्रतिजैविकं कशी शोधतात ते उत्साहानं सांगत बसले. आता जिवाणू वाढवत बसायला नको. त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा संच, संगणकावर वाचायचा, त्याच्या औषधी रेणूत कुठली अमिनो आम्लं कोणत्या क्रमानं जोडली जातील याचा अंदाज बांधायचा आणि रेणू थेट रसायनांपासून तयार करायचा. रॉकफेलर विद्यापीठातल्या शॉन ब्रॅडींच्या गटानं २०२२ मध्ये सिलॅजिसिन हे प्रतिजैविक असंच मिळवलं. आधी ते रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसायचं. मग त्याची मेदाची शेपटी बदलली, तेव्हा उंदरांमध्ये गुण आला. (हा भाग मला भारी आवडतो.)

आण्णा म्हणाले, "आणि अंदाज चुकला तर?"

चुकतो की! पण रेणू हुबेहूब नसला तरी कधीकधी जंतू मारतो.

"मग आपल्या हळदीच्या रानातली माती बघितलीस का कधी?"

नाही बघितली. सोमवारी डबीत भरून नेतेय.