यादीतला सव्वीसावा कागद

निकाल लागला तेव्हा तो कळंबा जेलच्या भटारखान्यात चपात्या लाटत होता. उच्च न्यायालयात अपील चालतं तेव्हा कैद्याला सहसा आणत नाहीत. कागद बोलतात, वकील बोलतात, आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो पाच-सहा किलोमीटरवर कणीक तिंबत असतो.

मी कोल्हापूरला वकिली करते आणि विधी सेवेच्या पॅनेलवर आहे. ज्या कैद्यांना वकील परवडत नाही त्यांची फौजदारी अपिलं माझ्याकडे येतात. पूर्वी हे काम म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये काळा कोट चढवणं, दिवसभर बोर्डाकडे डोळे लावून बसणं आणि नंबर न लागताच परतीची गाडी. १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं. त्यासाठी इथल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून जास्त काळ आंदोलन केलं. मोर्चे झाले, साखळी उपोषणं झाली, कामकाजावर बहिष्कार झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या फाइली मुंबईहून इकडे आल्या. त्याच गठ्ठ्यात हे २०१७ सालचं अपील होतं. आधीच्या वकिलांनी वकीलपत्र काढून घेतलेलं, जामीन फेटाळलेला, आणि आठ वर्षं कुणी ते पुरतं वाचलेलं दिसत नव्हतं.

माणसाचं नाव लिहीत नाही, गावही नाही. बीडकडचा ऊसतोड कामगार, टायरगाडीवरचा गाडीवान, एवढं पुरे. जानेवारी २०१४ च्या हंगामात आपल्याच टोळीतल्या एकाचा खून केल्याबद्दल त्याला जन्मठेप झाली होती. पुरावा सगळा परिस्थितीजन्य. उचलीच्या, म्हणजे मुकादमाने हंगामाआधी दिलेल्या आगाऊ पैशावरून दोघांचं वाजलं होतं, हा हेतू. रात्री साडेअकराला दोघांना कालव्याच्या कडेला एकत्र पाहिलं असं सांगणारा एक साक्षीदार. आणि आरोपीने काढून दिलेला, रक्ताचे डाग असलेला कोयता. नवरा-बायकोच्या तीस जोड्या जिथं कोप्या करून राहतात त्या तळाशेजारच्या उसात कोयता सापडणं यात नवल ते काय, असं मला पहिल्यांदा वाचतानाच वाटलं. पण खालच्या कोर्टात हा प्रश्न कुणी विचारलेला नव्हता.

उलटतपास तर वाचवत नव्हता. विधी सहाय्याचा वकील नेमला तो साक्षीपुरावा सुरू व्हायच्या दिवशीच. पंचाचा उलटतपास सहा ओळींचा, आणि त्यातल्या चार 'हे म्हणणे खरे नाही की' अशा. हे म्हणणे खरे नाही की मी कोऱ्या पंचनाम्यावर सही केली. हे म्हणणे खरे नाही की मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे. साक्षीदार 'नाही' म्हणणार हे ठाऊक असूनच अशा सूचना घालतात. त्यातून काही बाहेर पडत नाही, फक्त उलटतपास झाला अशी नोंद होते. त्या वकिलांना मी फार दोष देणार नाही. तेव्हा एका सत्र खटल्याला जी फी मिळायची तिच्यात झेरॉक्स आणि पेट्रोल सुटलं तरी नशीब. आता सरकारी वकिलाच्या धर्तीवर पूर्णवेळ बचाव वकील नेमायची योजना २०२२ पासून आली आहे. तिचा फरक मला काही खटल्यांत दिसतोही. पण याच्या खटल्याला ती नव्हती.

मग मी कलम ३१३ चा जबाब काढला. साक्षी संपल्यावर न्यायाधीश आरोपीला एकेक प्रश्न विचारतात तो. पानभर 'खोटे आहे', 'खोटे आहे', 'मला माहीत नाही'. शेवटचा प्रश्न ठरलेला असतो, आणखी काही सांगायचे आहे काय. त्याचं उत्तर एका ओळीत टाइप केलेलं होतं: 'मी त्या रात्री गाडी घेऊन कारखान्यावर गेलो होतो.' निकालपत्रात न्यायाधीशांनी ते एका वाक्यात निकाली काढलं होतं. आरोपी अन्यत्र होता हे त्याने सिद्ध करायला हवे, त्याने कोणताही पुरावा दिलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने वाक्य चूक नाही. तुरुंगात बसलेल्या गाडीवानाने कारखान्याचं दप्तर कुठून आणावं, एवढाच प्रश्न राहतो.

कळंब्याला वकील मुलाखतीत मी त्याला तेच विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी तवाच सांगितलं व्हतं. पावती बी व्हती. मुकादमाकडं."

मुकादमाची वही तर पोलिसांनी जप्त केली होती! दोषारोपपत्राला जोडलेल्या कागदांच्या यादीत ती असायला हवी. यादी काढली. सव्वीस नंबरला लिहिलं होतं: 'ऊस वजनाच्या पावत्या, नग १४, व वही, नग १.' पैशाचा वाद दाखवायला पोलिसांनी हे जप्त केलं, मुकादमाने साक्षीत वाद सांगितला, मग कागद सिद्ध करायची कुणाला गरज उरली नाही. त्याला निशाणी, म्हणजे सिद्ध झालेल्या पुराव्याला कोर्ट देतं तो नंबर, पडली नाही. कोर्टाच्या भाषेत तो कागद फाइलमध्ये असून नव्हता.

मूळ रेकॉर्ड मागवलं. चौदा पावत्या गंजलेल्या टाचणीत एकत्र होत्या. प्रत्येकीवर मुकादमाचं नाव, गाडीचा कोड, भरलेलं वजन, रिकामं वजन, तारीख, वेळ. गाडीवानाचं नाव नाही. वहीच्या मागच्या पानावर मात्र मुकादमाने कुठला कोड कुणाच्या गाडीचा हे पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. हे दोन कागद शेजारी ठेवले की दिसत होतं. त्या रात्री याची गाडी भरलेल्या वजनाला काट्यावर लागली ११ वाजून ५२ मिनिटांनी. गव्हाणीत ऊस रिकामा करून परत काट्यावर आली ३ वाजून ४० मिनिटांनी. कालवा ते कारखाना अंतर नऊ किलोमीटर. ऊस भरलेली बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते, आणि काट्यापुढची रांग ज्याने पाहिली आहे त्याला साडेअकराचा तो साक्षीदार हसूच आणेल.

पावतीने सगळं सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. गाडी दुसऱ्याने हाकली असेल, असं सरकारी वकील म्हणू शकले असते. त्यावर कारखान्याचा काटा क्लार्क, रांगेतले बाकीचे गाडीवान, कोपीत झोपलेली बायको, यांना २०१४ मध्ये विचारता आलं असतं. बायकोचा जबाब पोलिसांनी घेतला होता. तिला साक्षीला कुणीच बोलावलं नाही, ना त्यांनी ना बचावाने.

याच्याविरुद्ध कुणी कट रचला असं मला फाइलमध्ये कुठंही दिसलं नाही. तपासी अंमलदाराला तो खुनी वाटला, आणि एकदा वाटल्यावर पावत्यांचा उपयोग हिशेबाचा वाद दाखवण्यापुरता उरला. वेळेच्या रकान्याकडे बघायचं कारणच संपलं. मला कट परवडला असता. तो निदान उलटतपासात धरता येतो.

सुनावणी मात्र मी तयारी केली होती त्या वाटेनं गेलीच नाही. खंडपीठाने पहिल्या अर्ध्या तासातच सरकारी वकिलांना विचारलं, की कोयता लाखेने सील केला हे कुठल्या साक्षीदाराने सांगितलंय? बराच वेळ पेपरबुकाची पानं उलटली गेली. कुणीच सांगितलं नव्हतं. कोयता पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला तो तेवीस दिवसांनी, मधल्या काळात कुठं होता त्याची नोंद नाही. अहवालात 'मानवी रक्त, गट निश्चित नाही'. साडेअकराच्या साक्षीदाराचा जबाब खुनानंतर एकोणीस दिवसांनी घेतलेला. १९८४ च्या शरद बिरधीचंद सारडा निकालात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं घालून दिली, त्यांना पंचशील म्हणतात. साखळी अशी पुरी हवी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाव देणारा निष्कर्ष निघताच कामा नये. इथं साखळी कसली, सुट्या कड्या होत्या.

मी उठून म्हटलं, की अतिरिक्त पुराव्यासाठी माझा कलम ३९१ खाली अर्ज आहे, वजनाच्या पावत्या वाचायच्या आहेत. त्याची आता गरज नाही, अपील मंजूर होत आहे, असं सांगण्यात आलं. जिंकलेल्या वकिलाने खाली बसायचं असतं. मी बसले.

निकालात लिहिलं आहे की अभियोग पक्षाला साखळी सिद्ध करता आली नाही, सबब संशयाचा फायदा देऊन मुक्तता. दंड भरला असल्यास परत. मुद्देमाल कोयता अपिलाच्या मुदतीनंतर नष्ट करावा. तो त्या रात्री काट्यावर होता हे त्यात कुठं नाही.

बार रूममध्ये एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सुटला न्हवं? मग आता का उकरत बसताय?"

उकरायचं कारण असं. चुकीच्या शिक्षेत गेलेल्या वर्षांची भरपाई मागायला आपल्याकडे वेगळा कायदाच नाही. विधी आयोगाने २७७ व्या अहवालात, ऑगस्ट २०१८ मध्ये, तसा कायदा आणि त्यासाठी विशेष न्यायालयं सुचवली. अजून काही झालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जुलै २०२५ मध्ये एका तमिळनाडूच्या खटल्यात फाशीच्या कैद्याची मुक्तता करताना हाच मुद्दा काढून तो संसदेवर सोपवला. तोवर भरपाईसाठी रिट याचिका करायची आणि न्यायालयाच्या मनावर सोडायचं. तिथं पहिला प्रश्न येतो, तुमचा माणूस खरोखर निर्दोष होता, की फक्त पुरावा कमी पडला? आमच्याकडे त्याचं उत्तर आहे, पण ते निकालपत्रात नाही, टाचणीत आहे.

अंकुश शिंदे खटल्यात अशी भरपाई मिळालेली आहे. नाशिकजवळ २००३ मध्ये झालेल्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली. उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच दिली. मग फेरविचारात प्रकरण पुन्हा उघडलं आणि ५ मार्च २०१९ ला सगळे निर्दोष सुटले, प्रत्येकी पाच लाख भरपाईसह. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतेच चौघे ओळखले होते. तो कागद तपासातलाच होता, न्यायालयापुढे ठेवला गेला नव्हता. आता १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. चांगलंच आहे. पण याच्या फाइलमध्ये कागद कमी नव्हते. बारा वर्षं पावती तिथंच होती. उद्या फाइलला व्हिडिओ जोडले जातील आणि तेही यादीत सव्वीस नंबरला पडून राहतील, ही माझी भीती आहे.

आदेशाची सही झालेली प्रत दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. ती घेऊन मी कळंब्याला गेले. कलम ४३७-अ प्रमाणे निर्दोष सुटलेल्या माणसालाही जातमुचलका द्यावा लागतो, सरकार वरच्या कोर्टात गेलं तर हजर राहीन असा. सहा महिने तो अंगावर असतो. जामीनदार मिळणार नाही म्हणून मी वैयक्तिक मुचलक्यावर सोडायची विनंती आधीच केली होती. याला जामीनदार मिळाला नाही म्हणून बारा वर्षांत एकदाही संचित रजा मिळालेली नव्हती.

सही करताना त्याने विचारलं, "सुटलो ना मी? मग ही सही कशापायी?" हवालदार म्हणाला, "कर बाबा, घरला जायाची सही हाय ती."

बाहेर आला तेव्हा दिवस मावळत होता. न्यायला कुणी आलं नव्हतं. भाऊ आणि त्याच्याबरोबर याचा पोरगा, दोघं सांगलीकडच्या एका कारखान्याच्या फडात होते. उचल घेतलेली असताना हंगामाच्या मध्यात मुकादम सोडत नाही. मी गाडीत बसवलं. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागं एक, रात्रीच्या पाळीला निघालेल्या. तो प्रत्येक ट्रॉली मान वळवून बघत होता. "आता टायरगाड्या कमी झाल्या का?" एवढंच विचारलं. स्टँडसमोर चहा घेतला. मी माझ्या फोनवरून भावाला लावून दिलं. पलीकडून पोराने फोन घेतला असावा, कारण हा एकदम बोलायचाच थांबला आणि मग म्हणाला, "मी बोलतोय. तुझा बाप." पोरगा तेव्हा तीन वर्षांचा होता, आता कोयता चालवतो. सांगलीच्या एसटीत बसवून दिलं.

पुढच्या आठवड्यात मी सत्र न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज दिला. रिटसाठी पावत्या आणि वहीच्या मागच्या पानाची प्रमाणित नक्कल हवी होती. क्लार्कने अर्ज खालीवर पाहिला. "मॅडम, ह्याला निशाणीच न्हाई. निशाणी न्हाई त्येची नक्कल कशी द्यायची?" मी म्हटलं, साहेबांपुढं ठेवा. ठेवलाय. रेकॉर्ड अजून बेंचकडून परत आलेलं नाही, आलं की बघू, असं उत्तर आहे.

तो भावाबरोबर फडातच राहिलाय, मोळ्या बांधतो. दोन-तीन दिवसांआड फोन येतो. नुकसानभरपाईचं कधी विचारत नाही, पावतीचं विचारतो. काल म्हणाला, "ताई, मिळाली की दोन काढा. एक तुमच्या कोर्टाला, एक पोराला."